तिसरं कोटेशन

मी भांडार शाखेचं टेबल सांभाळत होतो तेव्हा टेबलाच्या खालच्या खणात कोरी लेटरहेडं असायची. सगळी बीड शहरातल्या दुकानांची: स्टेशनरीवाला, फर्निचरवाला, पाण्याचे जार पुरवणारा, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा. वर दुकानाचं नाव छापलेलं, खाली कोपऱ्यात सही आणि गोल शिक्का, मधली सगळी जागा रिकामी. ती जागा आम्ही भरायचो.

ज्यांचा सरकारी कार्यालयाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहान कामाला कोणी मोठी निविदा काढत नाही. तीन दुकानांकडून दरपत्रकं मागवायची आणि ज्याचा दर कमी त्याला काम द्यायचं, एवढाच नियम. दरपत्रकाला आम्ही सगळे कोटेशनच म्हणतो. नियम सरळ आहे, पण त्याच्या शेजारून एक पायवाट पडलेली आहे आणि माणसं त्या पायवाटेनंच जातात. काम कोणाला द्यायचं ते आधी ठरतं. तोच माणूस आपलं कोटेशन आणतो, आणि सोबत ओळखीच्या दोघांची थोड्या चढ्या दराची आणतो. कधी त्याला दोनच जमतात. मग टेबलावरचा माणूस आपला खण उघडतो, एखादं लेटरहेड काढतो, त्यावर चढा दर टाईप करतो आणि फाईल पूर्ण होते. ज्याचं लेटरहेड वापरलं त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो, आणि असला तरी त्याचं काही जात नाही. उद्या त्याच्या कामाला दुसऱ्याचं लेटरहेड लागणारच असतं.

माझ्या आधी या टेबलावर जे होते त्यांनी चार्ज देताना इतर किल्ल्यांबरोबर या खणाचीही किल्ली दिली होती. "भाऊसाहेब, हा खण सरकारी न्हाई," ते म्हणाले होते, "पण ह्याच्याशिवाय सरकारचं चालत बी न्हाई." आम्ही दोघंही हसलो होतो.

आमच्याकडची संगणक-दुरुस्ती एक माणूस वर्षानुवर्षं करायचा. त्याला सगळं कार्यालय इंजिनिअर म्हणायचं. तो इंजिनिअर नव्हता. टीव्ही-टेप दुरुस्त करता करता संगणकाकडे वळलेला, बोटांना कायम डिंक आणि शाई लागलेली. मार्चअखेरीला प्रिंटर अडला तर जेवणावरून उठून यायचा. संगणकांच्या पोटातली धूळ ब्लोअरनं उडवायच्या आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढायचा. "चला, व्हरांड्यात चला. दमा झाला तर दवाखान्याचं बिल माझ्याकडं मागताल." मध्ये एकदा हे काम बाहेरगावच्या एका कंपनीकडे गेलं होतं. फोन केला की 'तक्रार नोंदवली आहे' असं गोड आवाजात सांगायचे आणि माणूस काही यायचा नाही. ते वर्ष सगळ्यांच्या लक्षात होतं. म्हणून काम इंजिनिअरलाच जावं असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

त्याच्याकडून मी कधी काही घेतलं नाही. चहा व्हायचा, तोही बहुतेक मीच पाजलेला. हे मुद्दाम लिहितो आहे, स्वतःला सोडवून घ्यायला नाही. पैसा खाल्ला नाही म्हणजे कोणावर अन्याय केला नाही, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी निवांत झोपत होतो.

ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या की बीडचं बसस्टँड जरा मोकळं होतं, त्या दिवसांत ती पहिल्यांदा आमच्या कार्यालयात आली. तिशीच्या आसपासची. मूळची उमापूरची, आईवडील अजून तिकडेच. आयटीआय करून, बाहेरगावी एका दुकानात काही वर्षं काम शिकून, तिनं बीडमध्ये संगणक आणि कॅमेरे दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. आडनाव आणि गाव सांगितलं की माणूस कुठल्या वस्तीतला हे आमच्याकडे वेगळं विचारावं लागत नाही. ती बौद्ध वस्तीतली हे मलाही कळलं. कळूनही मी काही वेगळं वागलो असं तेव्हा वाटलं नव्हतं. आज तेवढ्या खात्रीनं सांगता येत नाही.

"सर, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं वर्षाचं काम तुमच्याच टेबलाला असतंय ना?"

"असतं. सध्या एकाचं चालू आहे."

"पुढच्या वर्षीचं निघंल तवा आमाला कसं कळंल?"

"बोर्डावर लागतं."

"आन आपलं नाव लावून ठिवायचं असलं तर?"

नाव लावून ठेवायचं असं काही नसतं. ज्याला वाटेल त्यानं वेळेत कोटेशन टाकावं, एवढंच असतं. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तोंडातून सवयीचं वाक्य आलं. "दोन लेटरहेड ठेवून जा. सही-शिक्का करून."

"कोरी?"

"कोरीच. ऐन वेळी लागतात. तुम्हाला सारखे हेलपाटे नकोत."

दुसऱ्या दिवशी ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दोन लेटरहेडं घेऊन आली. नुकतीच छापलेली होती. दुकानाचं नाव निळ्या अक्षरात, शेजारी लहानसं संगणकाचं चित्र. सही अगदी सावकाश, वाचता येईल अशी केलेली. सोबत पेढ्यांचा अर्धा पुडा होता. "दुकानाच्या उद्घाटनाचे राहिलते," ती म्हणाली. आम्ही शाखेतल्या सगळ्यांनी एकेक पेढा घेतला. निघताना तिनं विचारलं, "म्हणजे आता नाव लागलं म्हणायचं का सर?"

"लागल्यासारखंच," मी म्हणालो आणि फोल्डर खणात टाकला.

त्या वर्षी कार्यालयात नवे साहेब आले. बाहेरच्या जिल्ह्यातले, कमी बोलणारे. देखभालीच्या कामाची फाईल ठेवली तेव्हा ते म्हणाले, "कोटेशन हातात घ्यायची नाहीत. बंद पाकिटं पेटीत पडू द्या. किल्ली माझ्याकडे. उघडताना ज्यांनी टाकली त्यांना समोर बसवा. आणि तीनपेक्षा कमी आली तर परत मागवा." मला ते मनापासून आवडलं. सूचना मी स्वतः टाईप करून बोर्डाच्या मधोमध लावली. त्यात काही लबाडी केली नाही. एवढं असूनही खणाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही, कारण खण ही लबाडी आहे असं मी मानतच नव्हतो. पाणी पिण्याच्या तांब्यासारखी ती टेबलाची एक वस्तू होती.

शेवटच्या दिवशी दुपारी इंजिनिअर दोन पाकिटं घेऊन आला.

"तिसरं?" मी विचारलं.

"एक माझं, एक मेव्हण्याचं. तिसरा दोस्त लग्नाला गेलाय, दुकानाला कुलूप. तुमच्या खणात असंलच की एखादं."

"दर काय लावलाय तू?"

त्यानं सांगितला. पाकिटं पेटीत टाकून तो गेला. मी खण उघडला. सगळ्यात वर तिचाच फोल्डर होता, सगळ्यात नवा, सगळ्यात पांढरा. मी एक लेटरहेड काढलं आणि इंजिनिअरनंच दुरुस्त केलेल्या प्रिंटरवर त्यावर चढा दर छापला. तेव्हा मनात काय होतं ते खरं सांगतो. मला वाटलं, हिचं भलंच होतंय. फाईलला नाव तरी लागेल. पुढच्या वर्षी, आधीही कोटेशन दिलं होतं, असं तिला म्हणता येईल. पाकीट डिंकानं चिकटवलं आणि पेटीच्या फटीतून आत सोडलं.

वेळ संपायला थोडा अवकाश असताना ती जिन्यावरून वर आली. हातात पाकीट.

"सर, वेळ हाय ना अजून?"

मी घड्याळाकडे बघितलं. वेळ होती. नाही म्हणावं असं एकदा वाटून गेलं. तेवढ्यात दारातले शिपाईमामा म्हणाले, "हाय की. टाका ताई, पेटी काय कुणाला न्हाई म्हणत न्हाई."

तिनं पाकीट टाकलं. "बोर्डावर वाचलं सर," ती म्हणाली. "तुमी सांगितलतं तसं येता-जाता बघत होते."

पेटीला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांकडे. साहेब केबिनमध्ये बसलेले होते, दार उघडं होतं. आत जाऊन चार वाक्यं बोलण्याएवढंच काम होतं. मी टेबल आवरलं, स्कूटर काढली आणि घरी गेलो. जेवताना बायकोनं विचारलं, "कावून गप हाव?" मी म्हणालो, प्रिंटर बिघडलाय.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये पाकिटं उघडली. साहेब, लेखाधिकारी, लिहून घ्यायला मी. समोरच्या खुर्च्यांवर इंजिनिअर आणि ती. इंजिनिअरचा मेव्हणा आला नव्हता, तो कधीच येत नसे. साहेब एकेक पाकीट फोडून दर मोठ्यानं वाचत होते. इंजिनिअरचा दर वाचला. मेव्हण्याचा वाचला. मग तिचा. तो इंजिनिअरपेक्षा बराच कमी होता. प्रिंटरचे वेगळे, संगणकांचे वेगळे असे दर लिहून खाली तिनं हातानं एक ओळ घातली होती: बोलावल्यावर त्याच दिवशी येऊ. इंजिनिअरनं तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही फारसं दिसलं नाही, फक्त मांडीवरच्या पर्सचा पट्टा तिनं हातातून सोडला.

मग साहेबांनी शेवटचं पाकीट फोडलं, वाचायला लागले आणि थांबले.

"ताई, हेही तुमचंच?"

"न्हाई सर. मी एकच टाकलंय."

साहेबांनी कागद तिच्यापुढे धरला. "दुकान तुमचं, शिक्का तुमचा. सही?"

तिनं बराच वेळ कागद पाहिला. "सही माझीच हाय. पण हे मी लिवलेलं न्हाई."

लेखाधिकारी हसले. "वा. सही आपली आणि मजकूर लोकांचा."

"मी कोरी देलती सर. ऐन वेळी लागतात म्हणून."

"कोणाला?" साहेबांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदावर समास आखत होतो. माझ्याकडे बघूनही तिनं नाव घेतलं नाही. त्या वेळी मला वाटलं, बाई भली आहे. नंतर उमगलं, भलेपणाचा प्रश्नच नव्हता. ज्याच्या टेबलावरून पुढची दहा वर्षं कामं निघणार त्याचं नाव नवा दुकानदार साहेबांसमोर कसं घेईल? ती वाट बघत होती, मी बोलेन म्हणून.

"दिलती एका ठिकाणी," ती म्हणाली.

"ठिकाणी म्हणजे मसोबाला का?" लेखाधिकारी म्हणाले. "कोऱ्या कागदावर सही करून वाटत फिरायचं आणि मग कपाळाला हात लावायचा. साहेब, एका संस्थेची दोन कोटेशन आली की दोन्ही बाद. नियम आहे. आणि अशांना पुन्हा बोलवूच नये."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "नियम असाच आहे का भाऊसाहेब?"

"हो साहेब," मी म्हणालो. नियम खरोखरच तसा होता.

इतिवृत्त मी लिहिलं. एकाच संस्थेची दोन भिन्न दरपत्रके प्राप्त झाल्याने दोन्ही अपात्र ठरविण्यात येत आहेत. मग उरली इंजिनिअरची दोनच. परत मागवायला वेळ नाही, हे लेखाधिकाऱ्यांनी साहेबांना पटवलं, म्हणून 'तातडीची निकड विचारात घेता' असा एक तुकडा जोडला आणि काम त्याला दिलं. असे तुकडे माझ्या हाताला पाठ होते.

खाली सायकल स्टँडजवळ ती माझी वाट बघत उभी होती. मी भांडणाची तयारी करूनच उतरलो होतो. तिनं भांडण काढलं नाही.

"सर, दुसरं कुठं हाय?"

"काय दुसरं?"

"दोन देलते ना मी. एक त्या पाकिटात निघालं. दुसरं माझ्या सहीचं हाय कुठंतरी. ते तरी द्या."

"बघतो. सापडलं तर देतो."

ते माझ्या खणात, फोल्डरमध्येच होतं. वर जाऊन आणून द्यायचं म्हटलं तरी पाच मिनिटांचं काम. पण दिलं असतं तर पहिलंही माझ्याकडेच होतं हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. तिलाही ते ठाऊक होतं, मलाही. आम्ही दोघं एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टीभोवती उभे होतो आणि मी तिला म्हणालो, बघतो.

इंजिनिअरला दोन दिवसांनी सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. "भाऊसाहेब, तिचंच कावून घेतलं?" तो म्हणाला. "माझ्या दोस्ताचं जुनं असंल की खाली. बघायचं तरी." मग थोड्या वेळानं, "तिचा भाव बरोबर होता बरं का. तेवढ्यात होतंय काम. मीच जरा ढिला सुटलतो इतकी वर्षं." आणि परत थोड्या वेळानं, "आता लोक म्हणत्याल, मीच टाकलं तिच्या नावाचं." ते त्याला लागलं होतं.

लोक तसं म्हणत नव्हते. लोक वेगळंच म्हणत होते. पुढच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका कार्यालयातला माझ्यासारखाच भांडारवाला भेटला. जुना मित्र, चेष्टेखोर.

"काय बे, तुमच्याकडं डबल पाकीट आलती म्हणं."

"कोण डबल पाकीट?"

"तीच की, कॅमेरेवाली. आमच्याकडं बी आलती परवा, काम हाय का म्हणून. मी म्हणलं ताई, आमची पेटी लहान हाय, एका टायमाला एकच पाकीट मावतंय."

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. दात दिसतील एवढं हसलो. चहा संपवून स्कूटरला किक मारताना पाय घसरला आणि नडगी सोलली, तेवढीच त्या दिवसाची शिक्षा. पण तिथून पुढं मला जेवण गोड लागेना. एका कामाचं काय, काम कधी मिळतं, कधी जातं. मी तिला नाव दिलं होतं, आणि ते नाव तिच्या आधी प्रत्येक कार्यालयाचा जिना चढत होतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सगळेच करत्यात म्हणता ना?" मी हो म्हणालो. "मग सगळ्यांस्नी असं होतंय का?" एवढं विचारून ती भाकरी उलटवायला लागली.

इंजिनिअरचा कार्यादेश सहीला ठेवायचा होता. तो घेऊन मी केबिनमध्ये गेलो आणि सहीच्या आधी साहेबांना सगळं सांगितलं. उभ्यानंच. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे त्या दिवशी का नाही बोललात?"

"हिंमत झाली नाही."

"आज कशी झाली?"

मी हातातला कार्यादेश टेबलावर ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. मग म्हणाले, "तोंडी सांगितलंत. लेखी दिलं तर मला वर पाठवावं लागेल, तुमच्यावर कारवाई होईल, आणि या इमारतीतले सगळे खण उघडावे लागतील. लेखी द्यायचंय?"

मी गप्प बसलो. घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण, राहिलेली नोकरी, सगळं त्या गप्प बसण्यात होतं. साहेबांनी ओळखलं. प्रक्रिया प्रशासकीय कारणास्तव रद्द, नव्याने दरपत्रके मागविण्यात यावीत, असा शेरा त्यांनी मारला. मला वाटलं सुटलो. तिलाही परत संधी, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

नवी सूचना आणि ते दुसरं लेटरहेड घेऊन मी तिच्या दुकानात गेलो. शटर बंद होतं. शेजारचा म्हणाला, मांजरसुंब्याला गेल्यात, ढाब्यावर कॅमेरे बसवायला. मी तसाच स्कूटरवर तिकडे गेलो. ती ढाब्याच्या पत्र्याखाली शिडीवर चढून वायर ओढत होती. मला बघून खाली आली, हात पुसले. मी फोल्डर तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "ताई, प्रक्रिया रद्द झाली. परत भरा. या वेळी मी स्वतः—"

"रद्द कावून झाली?"

"प्रशासकीय कारणास्तव."

"ते कोण सर?"

मी नवी सूचना पुढे केली.

"परत भरून काय करू?" ती म्हणाली. "माझा भाव सगळ्यांसमोर वाचला. आता तेंच्या लोकान्ला ठावं हाय किती खाली यायचं ते. आन दुसरीकडं गेलं की म्हणत्यात, आली डबल पाकीट." हे ती रडून बोलली नाही. वायरचं टोक सोलता सोलता बोलली.

हा हिशेब मी केलाच नव्हता. नव्यानं मागवली की सगळे पुन्हा एका ओळीत उभे राहतात असं मी धरून चाललो होतो. पण तिचं पान उघडं पडलं होतं, आणि ते मीच उघडं पाडलं होतं.

तिनं फोल्डरमधून लेटरहेड काढलं. खालचा कोपरा, सही आणि शिक्का होता तेवढा, दुमडला, नखानं घडी पक्की केली आणि फाडला. तो तुकडा पर्समध्ये ठेवला. उरलेला कागद ढाब्याच्या टेबलावर ठेवला. टेबलावर मिठाची बाटली आणि कांद्याची ताटली होती, ती तिनं बाजूला सरकवली.

"आता लिवा. काय झालतं ते. खाली तुमची सही करा."

"ताई, माझी नोकरी..."

"माझं दुकान हाय सर," ती म्हणाली.

ट्रकवाले जेवत होते, कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. मी खिशातलं पेन काढलं. तिच्या दुकानाच्या निळ्या नावाखाली मी लिहिलं: दोन कोरी लेटरहेडं मी मागितली, त्यांतल्या एकावर चढा दर मी छापला, ते पाकीट पेटीत मी टाकलं, तिला यातलं काही माहीत नव्हतं. सही केली, हुद्दा लिहिला. सही धड वाचता येईना, तेव्हा तिनं आणखी एक करून घेतली. मग कागद उन्हात धरून शाई वाळवली आणि शिडीवर चढली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

नव्यानं कोटेशन आली तेव्हा तिनं भरलं नाही. इंजिनिअरनं आपला दर तिच्या दराच्या थोडासा खाली आणला आणि काम त्याला गेलं. या वेळी तीन पाकिटं तीन माणसांनी आणली होती. फाईल इतकी स्वच्छ होती की लेखाधिकाऱ्यांनी कौतुक केलं. ढाब्यावर लिहून दिलेल्या त्या कागदाची झेरॉक्स फिरत फिरत साहेबांपर्यंत पोचली. माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला, तो मी दिला, टेबल गेलं आणि पुढची चौकशी अजून चालू आहे. आता मी आवक-जावक बघतो. काही सहकारी माझ्यासमोर फाईल उघडत नाहीत, काही मुद्दाम उघडतात. खण मी रिकामा करून दिला. ज्याचं लेटरहेड त्याला नेऊन दिलं. स्टेशनरीवाला तर घ्यायलाच तयार होईना. "ठिवा हो भाऊसाहेब, कुठं परत परत आणून द्यायचं?"

गेल्या महिन्यात टेबलावरचा फोन वाजला. टपरीवरचा तोच मित्र. आवाजात चेष्टा नव्हती.

"एक ताई बसल्यात समोर. तुझ्या सहीचं एक पत्र दाखवायल्यात. हे खरं हाय का?"

शाखेत सगळे होते. नवा भांडारवाला माझ्या जुन्या टेबलावर बसून ऐकत होता.

"खरं आहे," मी म्हणालो.

"म्हणजे तूच टाकलतं?"

"मीच टाकलं. त्यांचा काही संबंध नव्हता."

"मोठ्यानं बोल जरा, ऐकू येईना." त्यानं बहुतेक फोनचा स्पीकर लावला असावा. मी परत बोललो, मोठ्यानं.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फोनपासून लांब गेला. "मिटलं मग. ताई, तुमच्याबद्दल आता आमची काही तक्रार न्हाई. असं करा, सही-शिक्का करून दोन लेटरहेड ठिवून जा."

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, लांबून, पण स्पष्ट.

"कोरं न्हाई ठिवत सर मी. काम सांगा, भरून आणते."

त्यावर तो काय म्हणाला ते मला कळलं नाही. कोणीतरी फोन खाली ठेवला.